डोंगरावरचं तांबं

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपण एका चोरीबद्दल बोलणार आहोत. चोरी म्हटलं की आपल्याला दागिने, शेळ्या, गॅसची टाकी आठवते. शेतकरी घरातल्या बायांना आणखी एक चोरी चांगली ठाऊक आहे. रात्रीतून कोणीतरी विहिरीवरच्या मोटारीची केबल कापून नेतं आणि सकाळी पाणी द्यायला गेलेला माणूस तसाच परत येतो. त्या केबलच्या पोटात तांबं असतं, म्हणून ती जाते. त्याच तांब्यासाठी चोर आपल्या डोंगराच्या माथ्यावरही पोचले. तिथून त्यांनी काय नेलं, त्याने आपलं काय बिघडतं, आणि पुन्हा तसं होऊ नये म्हणून काय करता येतं, हे सांगायला आम्ही आलो आहोत.

आम्ही म्हणजे आपल्याच भागातल्या सात जणी. कोणी अंगणवाडीत आहे, कोणी शिवणकाम करते, दोघी शेती बघतात, एक कॉलेजात शिकते. आमच्या सातही जणींकडे हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी केंद्राचा परवाना आहे. हा परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याकडून मिळतो आणि त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेलं कोणीही ती देऊ शकतं. पास झालं की आपल्याला एक खूण मिळते, तिला कॉल साइन म्हणतात. आपल्या देशातल्या बहुतेक हौशी केंद्रांच्या खुणा 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होतात. या रेडिओवरून धंदा करता येत नाही, गाणी वाजवता येत नाहीत, गुपित बोलता येत नाही. एकमेकांशी बोलायचं, शिकायचं, आणि संकट आलं की निरोप पोचवायचा, एवढ्यासाठीच तो आहे.

आता डोंगराचा काय संबंध, ते सांगतो. आमच्या हातातला संच पोलिसांच्या वॉकीटॉकीएवढा असतो. त्याच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की अडतात. समजा एक बाई डोंगराच्या या अंगाला आहे आणि दुसरी त्या अंगाला. दोघींनी कितीही हाका मारल्या तरी ऐकू जाणार नाही. पण तिसरी माथ्यावर उभी राहिली, तर तिला दोघींचं ऐकू येतं. इकडचं ऐकून तिने तिकडे मोठ्याने सांगितलं की काम झालं. माथ्यावर हे काम करणाऱ्या यंत्राला रिपीटर म्हणतात. ते एका लहरीवर ऐकतं आणि त्याच क्षणी दुसऱ्या लहरीवर जोरात बोलतं.

उंचीने किती फरक पडतो, याचा एक सोपा हिशेब आहे. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातल्या संचाला क्षितिज सुमारे ५ किलोमीटरवर असतं. तोच अँटेना आजूबाजूच्या मुलखापेक्षा ४०० मीटर उंच नेला, तर ते क्षितिज ८० किलोमीटरच्या पुढे जातं. सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा आहे तो याच कारणाने. आमचा रिपीटर जिल्ह्याच्या गावातल्या हौशी मंडळींनी माथ्यावरच्या देवळामागे, एका छोट्या खोलीत बसवला आहे. सौर पट्ट्यांवर आणि बॅटरीवर तो चालतो. गावातली वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले, तरी तो बंद पडत नाही.

मोबाइल प्रत्येकीच्या हातात असताना हे कशाला, असं आम्हाला सगळेच विचारतात. २६ जुलै २००५ आठवा. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि फोन लागेनासे झाले. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा नातेवाइकांचे फोन लागत नाहीत म्हणून माणसं किती तळमळली ते आपण पाहिलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा हौशी रेडिओवाले तिथे निरोप पोचवायला गेले होते. आणि २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद ही बाई आपला रेडिओ घेऊन पोर्ट ब्लेअरमध्ये होती. अंदमान-निकोबारशी संपर्क तुटलेला असताना तिने आणि तिच्या सोबत्यांनी बेटांवरच्या लोकांची खुशाली मुख्य भूमीवर कळवली. आम्ही परीक्षेला बसलो त्यामागे तिची गोष्ट होती, हे सांगायला आम्हाला आवडतं.

आता चोरीकडे येऊ. उंच माथ्यावर लोखंडी टॉवर उभा केला की वीज तिथेच पडायची शक्यता जास्त. एका विजेच्या लोळात साधारण ३० हजार अँपिअरचा प्रवाह असतो. घरातली इस्त्री चार-पाच अँपिअर घेते, यावरून अंदाज करा. हा प्रवाह थांबवता येत नाही. त्याला जमिनीत जायला सरळ वाट करून द्यावी लागते. टॉवरपासून जमिनीतल्या खड्ड्यापर्यंत जाड धातूची पट्टी नेतात, ती ही वाट. तुमच्या घराच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालतात आणि उन्हाळ्यात आपण पाणी ओततो ना, तसाच खड्डा, पण मोठा. आमच्या टॉवरची पट्टी तांब्याची होती. २५ मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर जाड आणि २० मीटर लांब.

गेल्या वर्षी अक्षय तृतीयेच्या आधी आम्ही नेहमीप्रमाणे वर्षाच्या तपासणीला माथ्यावर गेलो. त्याच्या आदल्या रात्रीसुद्धा आम्ही रिपीटरवर बोललो होतो, आवाज लख्ख होता. वर जाऊन पाहतो तर टॉवरच्या पायथ्याशी पट्टीच नाही. नटबोल्ट पान्याने सोडवून नीट बाजूला ठेवलेले. खोलीतून बाहेर जाणारी हिरवी अर्थिंगची वायरही कापलेली. बाकी काही हललं नव्हतं. यंत्र चालू होतं, दिवे लागत होते.

मैत्रिणींनो, या चोरीतली भीती इथेच आहे. मोटारीची केबल गेली की मोटार बंद पडते आणि सकाळी कळतं. अर्थिंग गेलं तर काहीच बंद पडत नाही. रोज बोलणं चालू राहतं आणि कोणाला पत्ता लागत नाही. कळतं ते वळवाचा पहिला पाऊस कडाडत येतो तेव्हा. वाट नसलेली वीज मग अँटेनाच्या केबलवरून खोलीत शिरते आणि यंत्र, बॅटरी, सगळं जाळते. यंत्र पुन्हा आणता येईल. पण त्या माथ्यावर पावसात मेंढरं घेऊन धनगर खोलीच्या भिंतीला टेकून उभे राहतात. यात्रेच्या दिवशी पोरं टॉवरच्या पायाला धरून गोल फिरतात. वीज यंत्रावरच पडेल आणि माणसाला सोडेल, असं कोण सांगणार? म्हणून एक गोष्ट आत्ताच सांगतो. पट्टी जागेवर असो वा नसो, ढग गडगडायला लागले की कुठल्याही टॉवरपासून लांब व्हा, त्याला हात लावू नका.

चोराला यातून काय मिळालं, तेही मोजून बघू. त्या पट्टीचं वजन मीटरला ६७० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे २० मीटरचं साडेतेरा किलो भरतं. मे २०२४ मध्ये लंडनच्या धातूबाजारात तांब्याचा भाव टनाला ११ हजार डॉलरच्या वर गेला होता. म्हणजे नवं तांबं किलोला नऊशे रुपयांच्या आसपास पडलं. भंगारात त्याहून कमी मिळतं, चोरीच्या मालाला आणखी कमी. एवढं ओझं रात्री डोंगरावरून उतरवून चोराच्या हाती सहा-सात हजार रुपये आले असतील. त्यापायी लाखाच्या वरची यंत्रणा आणि माणसांचे जीव वीज पडायच्या भरवशावर राहिले.

गावात बातमी पोचली तशी बोटं लगेच एका दिशेला वळली. डोंगराच्या पायथ्याशी पाल ठोकून काही कुटुंबं राहत होती. "दुसरं कोण असणार?" असं लोक म्हणू लागले. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं होतं. स्वतंत्र भारतात तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण लोकांच्या मनातून तो अजून गेलेला नाही. आम्ही पोलिसांना फक्त डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं. बोल्ट मापाच्या पान्याने सोडवले होते आणि खाली कच्च्या रस्त्यावर चारचाकीच्या खुणा होत्या. पालावर ना पाना होता, ना गाडी. उलट पालावरच्याच एका आजीने सांगितलं, की दोन रात्रींपूर्वी ओढ्याकाठी काळा धूर होता आणि जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. तांबं मोकळं करायला वायरचं वेष्टण जाळतात. पंचनाम्याला तीच जागा कामी आली. चोर अजून सापडलेला नाही. पण ज्यांच्यावर संशय घेतला त्यांच्याकडूनच माग मिळाला, हे गावाने ऐकावं म्हणून ते आम्ही इथे बोलून दाखवतो आहोत.

आता उपाय. पहिला विचार सगळ्यांच्याच डोक्यात येतो तो कुलूप, काटेरी कुंपण आणि कॅमेऱ्याचा. यातलं थोडं आम्हीही केलं. टॉवरच्या खालच्या तीन मीटरमधल्या पायऱ्या काढून घेतल्या, कामाच्या दिवशी शिडी नेतो. खोलीच्या दाराला आतल्या बाजूने बिजागऱ्या लावल्या. पण निर्जन माथ्यावर चोराकडे अख्खी रात्र असते आणि कुलूप तोडायला पाच मिनिटं पुरतात. खरा उपाय म्हणजे चोरण्यासारखं तिथे काही ठेवायचंच नाही.

म्हणून आम्ही तांबं काढून टाकलं. त्याच्या जागी जस्त चढवलेली लोखंडी पट्टी आणली, जिला बाजारात जीआय पट्टी म्हणतात. लोखंडातून वीज तांब्यापेक्षा बरीच कमी वाहते, म्हणून पट्टी जाड घ्यावी लागते. आम्ही ५० मिलिमीटर रुंद आणि ६ मिलिमीटर जाड घेतली. अर्थिंगसाठी आपल्या देशाचं प्रमाण आहे, आयएस ३०४३, त्यातही जस्त चढवलेलं लोखंड चालतं. ही पट्टी २० मीटरला सत्तेचाळीस किलो भरली. तुकडे करून, उन्हं तापायच्या आत, सगळ्यांनी मिळून ती वर चढवली. चोराने तेवढं ओझं खाली आणून किलोला तीस रुपयांनी विकलं तरी चौदाशे रुपये सुटतील. इतक्यासाठी कोण रात्र घालवणार?

जमिनीखालीही सगळं लोखंडीच केलं. तांबं आणि जस्त ओल्या मातीत एकमेकांना जोडलेले राहिले की जस्त झिजत जातं आणि दोन-चार पावसाळ्यांत पट्टी पोखरते. म्हणून खड्ड्यांतले तांब्याचे दोन जुने पत्रे खणून काढले. दोन्ही मिळून एकोणीस किलो भरले. मंडळाच्या नावाने पावती घेऊन ते विकले आणि नव्या कामाचा बराच खर्च त्यातच निघाला. खड्ड्यांत जीआय पाइप गाडले. आपला माथा कातळाचा, म्हणून एका खोल खड्ड्यावर भागत नाही. टॉवरभोवती चर खणून पट्टी फिरवावी लागते. जोड नटबोल्टचे न ठेवता वेल्डिंगने केले आणि त्यावर जस्ताचा रंग दिला. काम झाल्यावर जाणकाराकडून मीटर लावून मोजून घेतलं. वीज पडायच्या जागी जमिनीचा अडथळा १० ओहमच्या आत असावा असं सांगतात, तेवढा आला.

कोणी पट्टी लोखंडी पाइपात घालून झाकायला निघालं, तर एक सूचना आहे. नुसत्या लोखंडी पाइपातून नेली तर विजेच्या झटक्याला पाइपच आडकाठी करतो. पाइपची दोन्ही टोकं पट्टीला जोडावी लागतात, नाहीतर प्लास्टिकचा पाइप वापरावा. अँटेनाची केबल बदलायची वेळ येईल तेव्हा आतली तार तांब्याचा नुसता मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असलेली केबल घ्यावी. तीही भंगारात कमी किमतीला जाते.

मग आम्ही एक पाटी लावली, मराठीत आणि मोठ्या अक्षरांत. 'इथे तांबं नाही. ही पट्टी लोखंडाची आहे. हे यंत्र पूर, भूकंप, अपघाताच्या वेळी गावाचा निरोप पोचवतं. इथे काही मोडलेलं दिसलं तर देवळात सांगा.' पहिलं वाक्य चोरासाठी आहे, बाकीचं आपल्यासाठी. या पाटीआधी माथ्यावर येणाऱ्या बहुतेकांना ते मोबाइल कंपनीचं काहीतरी वाटत होतं. जे कोणाचं ते माहीत नाही, त्याची राखण कोण करणार? आता देवळातल्या गुरवीणबाई सकाळी दिवा लावायला जाताना पट्टीवर नजर टाकतात. सरपणाला जाणाऱ्या बाया, मेंढरं चारणारे दादा, वनरक्षक, सगळ्यांकडे आमचा नंबर आहे.

यंत्रालाही आम्ही राखणीला लावलं. पट्टीच्या मागून एक बारीक वायर फिरवून रिपीटरला जोडली आहे. ती तुटली की रिपीटरचा नेहमीचा 'टिक' बदलून लांब 'पीं' होतो. रोज रात्री साडेआठला आमची रेडिओवर हजेरी असते. प्रत्येक जण आपली खूण सांगते आणि बॅटरी किती, आवाज कसा, टिक कसा, याची वहीत नोंद होते. त्या वहीत सामानाचे क्रमांक आणि फोटोही आहेत. फिर्याद द्यायला गेलं की पोलीस पहिल्यांदा तेच विचारतात.

तालुक्याच्या भंगारवाल्यांनाही आम्ही भेटलो, भांडायला नव्हे. भारतीय न्याय संहितेत चोरीसाठी कलम ३०३ आहे, आणि चोरीचा माल आहे हे ओळखून तो घेणाऱ्यासाठी कलम ३१७. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे सांगितल्यावर दोघा-तिघांनी तांबं आणणाऱ्याचं नाव आणि ओळखपत्र लिहून घ्यायला सुरुवात केली. कचरा आणि भंगार वेचणाऱ्या आपल्या बहिणींवर मात या निमित्ताने कोणी डोळे वटारू नयेत. त्यांच्या गोणीत बाटल्या आणि पुठ्ठा असतो, तेरा किलोची पट्टी नसते. उलट बाजारात कुठला माल नवा आला, हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही.

आता तुमच्यासाठी चार गोष्टी. कुठल्याही टॉवरची, रोहित्राची किंवा पंपाची पट्टी तुटलेली, वायर लोंबताना दिसली तर तिला हात लावू नका, तिच्यात वीज असू शकते. चोरी करताना कोणी दिसलं तर एकटीने अडवायला जाऊ नका. लांबूनच गाडीचा नंबर बघा आणि ११२ ला फोन करा. फिर्याद आता इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही देता येते, मात्र तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. आणि आपल्या घराचं, शाळेचं, आरोग्य उपकेंद्राचं अर्थिंग चैत्रातच बघून घ्या. पट्टी आहे का, जोड गंजले का, खड्ड्यात ओल आहे का, हे बघायला पाच मिनिटं पुरतात. तुम्ही आत्ता ज्या केंद्रावरून आम्हाला ऐकता आहात, त्याच्या टॉवरलाही अशीच पट्टी आहे. ती आम्ही कालच बघून आलो, जागेवर आहे.

यंदाची तपासणी पुढच्या रविवारी आहे. सकाळी सहाला देवळाच्या पायथ्याशी जमायचं. निघण्याआधी 'दामिनी' अ‍ॅपवर विजेचा इशारा बघू. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने ते तयार केलं आहे, मोबाइलमध्ये फुकट मिळतं, तुम्हीही घेऊन ठेवा. इशारा असेल तर जाणं पुढे ढकलू. नसेल तर पाण्याची बाटली, डोक्याला रुमाल आणि घरातल्या मुलींना घेऊन या. बारा वर्षांच्या वरच्या ज्या मुलीला परीक्षेला बसायचं असेल, तिची नोंद तिथेच करून घेऊ. वर पोचल्यावर तिला स्वतःच्या कानांनी रिपीटरचा टिक ऐकवू.